एक्केचाळीसावं पान

मागच्या मे महिन्यात आमचं वाचनालय हलवलं. लालबागची इमारत पुनर्विकासात गेली आणि तात्पुरती जागा मिळाली ती काळाचौकीला, तळमजल्यावर. कपाटं रिकामी करायला आम्ही चार-पाच जण होतो. बाहेर गल्लीत मसाल्याच्या मिरच्या भाजल्या जात होत्या, त्यांचा खाट खिडकीतून आत येत होता. आत डांबराच्या गोळ्यांचा वास आणि जुन्या कागदाची धूळ. दर दहा मिनिटांनी कोणीतरी शिंकत होतं. दिवाळी अंकांचं कपाट मी मागून घेतलं होतं, कारण त्यातल्या अकरा अंकांवर संपादक म्हणून दोन नावं आहेत, एक अण्णांचं आणि एक माझं. सगळ्यांत खालच्या फळीवर सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा निघाला. आतल्या प्रत्येक अंकाला खाकी कागदाचं कव्हर, कव्हरावर लाल शाईत साल, आणि त्याखाली अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात दोन शब्द: दुरुस्त प्रत.

अंक छापून आला की अण्णा एक प्रत घरी नेत आणि पहिल्या पानापासून पुन्हा तपासत, हे मला माहीत होतं. कशासाठी, असं मी एकदा विचारलंही होतं. 'पुढच्या आवृत्तीसाठी,' म्हणाले. दिवाळी अंकाची दुसरी आवृत्ती निघत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. या प्रती त्यांनी कधी वाचनालयात आणून ठेवल्या, ते मात्र मला कळलं नव्हतं. बहुधा मुलाकडे डोंबिवलीला राहायला गेले तेव्हा. मी सुतळी सोडली आणि २०१२ चा अंक काढला. उघडला तो सरळ एक्केचाळीसाव्या पानावर. दुसरं कुठलं पान बघायचं मनातही आलं नाही. वरून तिसऱ्या परिच्छेदात दोन वाक्यांच्या मध्ये लाल काकपद होतं, राहिलेला मजकूर मध्ये घालायची खूण. तिथून एक बारीक रेघ निघून समासापर्यंत गेली होती, आणि समासात, जागा पुरेना म्हणून पान आडवं धरून, एक अख्खं वाक्य लिहिलेलं होतं. ते वाक्य मी काढलं होतं, मशीन सुरू व्हायच्या आदल्या रात्री, अण्णांना न विचारता आणि नंतरही न सांगता. बारा-तेरा वर्षं माझी समजूत होती की त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी अंक पिशवीत घातला आणि कोणाला काही बोलले नाही.

अण्णा माझे नात्यातले कोणी नव्हेत. वाचनालयात सगळेच त्यांना अण्णा म्हणत, आणि ते मला 'बाय' म्हणत, जशी कोकणातली मोठी माणसं घरच्या मुलीला म्हणतात. १९६० साली, सोळाव्या वर्षी, मालवणकडून बोटीनं निघून ते भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि गिरगावातल्या एका छापखान्यात कामाला लागले. सुरुवातीला काम एकच: छापून झालेल्या मजकुराचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे शिशाचे ठसे, सोडवायचे, धुवायचे आणि पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. मग हळूहळू डाव्या हातात खिळे जुळवायची स्टिक आली आणि ते जुळारी झाले. उलटं अक्षर त्यांना सरळ अक्षराइतकंच सहज वाचता यायचं. टेबलाच्या पलीकडे बसून माझ्यासमोरचा कागद ते माझ्याआधी वाचून मोकळे होत. कामाला जेमतेम हात बसत होता तेवढ्यात १९६२ चे शुद्धलेखनाचे चौदा नियम आले. तोवर 'घरांत', 'गांवांत', 'कीं' अशी टिंबं देत जुळवायची सवय झालेली. 'डोकं महिनाभरात शिकलं गो,' ते सांगत, 'बोटांना दोन वर्षं लागली.' १९७२ मध्ये आणखी चार नियम आले, ते त्यांनी बिनतक्रार घेतले. पुढे ऑफसेट आलं, मग कॉम्प्युटर आला, खिळे वजनावर भंगारात गेले, आणि अण्णा मुद्रितशोधक झाले. शिशाचा काळा रंग नखांच्या कडांना होता तो बाकी माझ्या ओळखीच्या काळातही पुरता गेलेला नव्हता, की मलाच तो दिसत राहिला, कोण जाणे.

२००३ मध्ये वाचनालयाच्या समितीनं अंकासाठी आम्हा दोघांना एकत्र बसवलं. मी मराठी घेऊन एम. ए. झालेली, फोर्टमधल्या बँकेत नोकरी, कविता वगैरे छापून आलेल्या. पहिल्याच दिवशी मी कामाची वाटणी करून टाकली: मजकुराचं मी बघते, शुद्धलेखन तुम्ही बघा. अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 'बाय, ते दोन वेगळे कुठे असतात?' एवढंच म्हणाले. त्यात चिडणं नव्हतं, त्यांना खरोखरच विचारायचं होतं. मला उत्तर सुचलं नाही. पुढची अकरा वर्षं आम्ही वाटणी न करताच काम केलं.

काम म्हणजे वाचन. गुरुवारी आणि शनिवारी रात्री आठनंतर, वाचनालयाचं दार अर्धं ओढून घेऊन. मूळ हस्तलिखित माझ्या हातात, मुद्रित, म्हणजे तपासायची छापील प्रत, त्यांच्यासमोर. मी मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट. 'तो गेला स्वल्पविराम पण परत आला नाही पूर्णविराम नवा परिच्छेद.' ट्यूबलाइटचा बारीक आवाज, खालच्या टपरीवरून आलेल्या चहाचे ग्लास, ऑगस्टमध्ये खिडकीच्या फटीतून आत झिरपणारं पाणी; पावसाळ्यात कागद असा दमट व्हायचा की लाल शाई फुटायची, म्हणून अण्णा त्या दोन महिन्यांत पेन्सिल वापरत. ऑक्टोबर लागला की चिवडा गल्लीतून तळणीचा वास यायचा आणि आमची घाई सुरू व्हायची. पहिल्या वर्षी मला हे मोठ्यानं वाचणं नुसतं यांत्रिक वाटायचं. नंतर कळलं की असं वाचताना लेखाला काही लपवता येत नाही. लेखकानं जिथे नुसतं वजन दिलंय तिथे जीभ अडते. जिथे तो घाबरलाय तिथे वाक्य उगीच लांबतं आणि मला मध्येच श्वास घ्यावा लागतो. अण्णा तेवढ्यात पेन्सिल टेकवून ठेवत. बोलत नसत. पान संपलं की आम्ही दोघं त्या टेकवलेल्या ठिपक्यांकडे परत जायचो.

भांडण आमचं बहुतेक एकाच जागी व्हायचं: 'आणि'च्या आधीच्या स्वल्पविरामावर. अण्णांचं म्हणणं, 'आणि' हाच सांधा आहे, सांध्यावर पुन्हा पट्टी कशाला? माझं म्हणणं, माणूस जिथे थांबतो तिथे तो हवाच. ते काट मारायचे, मी काटाखाली टिंबं द्यायचे. मुद्रितात काढलेल्या मजकुराखाली टिंबांची ओळ दिली की त्याचा अर्थ 'राहू द्या'. एकाच स्वल्पविरामावर त्यांचा काट, खाली माझी टिंबं, टिंबांवर पुन्हा त्यांचा काट, असं झालं की छापखान्यातला ऑपरेटर फोन करून विचारायचा, 'मॅडम, ठेवू की काढू, एकदा सांगा.' शेवटी तिसऱ्या अंकाच्या वेळी तह झाला. हस्तलिखित बघायचं. लेखकानं स्वतः दिला असेल तर राहील, आपल्यापैकी कोणी घुसवला असेल तर जाईल. गंमत वाटेल, पण त्या एका तहानं मला संपादनाबद्दल जे शिकवलं ते एम. ए.च्या दोन वर्षांनी शिकवलं नव्हतं. तोवर मी प्रत्येक लेख थोडा थोडा माझ्यासारखा करत होते, आणि तो सुधारतोय असं समजत होते.

दुसरा वाद संपादकीयातल्या सर्वनामाचा. दोन संपादक आहेत, तेव्हा 'आम्ही' लिहायचं हे मी गृहीत धरलं होतं. अण्णांना 'आपण' हवं होतं. 'आम्ही म्हटलं की वाचक दाराबाहेर उभा राहतो,' ते म्हणाले, 'आपण म्हटलं की तोही आत येऊन बसतो.' मराठीनं ही सोय करून ठेवली आहे, ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारं एक 'आम्ही' आणि सोबत घेणारं एक 'आपण', आणि इतकी वर्षं लिहून मी तिच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. २००६ पासूनच्या प्रत्येक संपादकीयात 'आपण' आहे.

जोडीनं संपादन करणाऱ्यांचा विषय निघाला की अण्णा गोष्टी सांगत, आणि त्यांच्या गोष्टी जुळाऱ्याच्या नजरेतून असत. ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत निघालेल्या 'दर्पण'चं त्यांना अप्रूप होतं ते त्याच्या दोन स्तंभांसाठी, एका बाजूला इंग्रजी, शेजारी मराठी. एका भाषेत दोन ओळी वाढल्या तर दुसऱ्या बाजूला तेवढी जागा धरायची, हे बाळशास्त्री जांभेकर आणि त्यांच्या जोडीचे भाऊ महाजन कसं जमवत असतील, याचा ते तासभर विचार करू शकत. गिरगावच्या दिवसांत कामावरून सुटल्यावर ते खटाववाडीवरून जात. तिथे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन 'सत्यकथा' मासिकाचं संपादन बघत. आत जायची हिंमत त्यांना कधी झाली नाही. पण तिथून परत आलेली कथा नुसती परत येत नाही, काय अडलं ते सांगणारं पत्र तिच्यासोबत येतं, असं लेखक मंडळींकडून त्यांनी ऐकलं होतं, आणि त्या पत्राचा त्यांना कथेपेक्षा जास्त आदर होता.

टिळक-आगरकर मात्र माझ्या डोक्यात अलीकडे घोळायला लागले. १८८१ मध्ये 'केसरी' आगरकरांकडे आणि 'मराठा' टिळकांकडे. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात दोघंही एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात. आमच्या चिंचपोकळीहून दुसरं स्टेशन, सँडहर्स्ट रोड, तिथून चालत जाण्याएवढं अंतर. आणि त्यानंतर पाच वर्षांत आगरकर केसरीतून बाहेर पडले, १८८८ ला त्यांचा 'सुधारक' निघाला. शाळेत हे शिकताना मला वाईट वाटलं होतं, दोन मित्रांचं फाटलं म्हणून. आता वाटतं ते वेगळंच. कोण काय म्हणतो ते त्यांनी छापून दाखवलं. विरोध होता तर तो पानावर होता, कोणालाही वाचता येत होता. माझा विरोध एका वाक्याच्या जागी उरलेल्या कोऱ्या जागेत होता, आणि ती जागासुद्धा मी भरून टाकली होती.

२०१२ चा अंक आम्ही गिरण्यांच्या संपावर काढला होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाला तीस वर्षं होत होती. अडीच लाख कामगार बाहेर पडले होते, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचं कोणी जाहीर केलं नाही, म्हणजे कागदावर तो अजून चालूच आहे. लालबाग-परळच्या वाचनालयाला त्यावर लेख कमी पडत नाहीत. नेत्यांचे आले, अभ्यासकांचे आले. एक लेख आला तो वहीच्या रेघी पानांवर, निळ्या बॉलपेननं लिहिलेला, शेजारच्या चाळीतल्या एका बाईंचा. शिक्षण सातवीपर्यंत. त्यांनी संपाबद्दल जवळजवळ काहीच लिहिलं नव्हतं. खाणावळ चालवून घर कसं ओढलं, रेशनच्या गव्हात किती खडे असत, मुलाच्या वह्या आधीच्या वर्षीच्या कोऱ्या पानांतून कशा शिवल्या, असं सगळं. आणि शेवटाकडे, कुठलीही तयारी न करता, हे वाक्य होतं: 'दुसऱ्या वर्षी माझा नवरा कामावर गेला, आणि त्या दिवसापासून नळावर कोणी माझी कळशी पुढे घेतली नाही.' पुढच्या वाक्यात त्या पुन्हा गव्हाकडे वळल्या होत्या.

मी ते मोठ्यानं वाचलं तेव्हा अण्णांनी पेन्सिल टेकवली नाही, खालीच ठेवली. बराच वेळ गेला. मग त्यांनी त्यांच्या धाकट्या भावाचं सांगितलं, जे नऊ वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. भाऊ गिरणीत होता, संपात शेवटपर्यंत बसून राहिला, गावी गेला तो परत आला नाही. 'कामावर गेलेल्यांना त्यानं मरेपर्यंत शिव्या दिल्या. मीसुद्धा दिल्या. पण नळावरच्या बाईचं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं गो.' आणि मग म्हणाले, 'अख्खा अंक ह्या एका ओळीसाठी काढला असं समज.'

नवरात्र बसायच्या आदल्या रात्री, साडेनऊच्या सुमाराला, त्या बाईंच्या मुलाचा मला फोन आला. आवाज चढलेला नव्हता. तो म्हणाला, ताई, आईनं लिहिलंय ते मला आज कळलं. ती लिहून मोकळी झाली, पण आम्ही अजून त्याच चाळीत राहतो. बाबा गेले, त्यांच्याबद्दल आता कोणी बोलत नाही. उद्या अंक घरोघर जाईल, जिन्यात तोंड मला दाखवायचंय. ती एक ओळ तेवढी काढा. मी म्हटलं, बघते. अण्णांकडे मोबाइल नव्हता. त्यांची चाळ माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती. मी गेले नाही. ते झोपले असतील, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. साडेनऊला अण्णा झोपत नसत. खरं म्हणजे मला ठाऊक होतं ते काय म्हणतील, आणि ते ऐकायचं नव्हतं. मी टॅक्सी करून छापखान्याच्या लोअर परळच्या गाळ्यात गेले. प्लेट व्हायची होती. ऑपरेटरनं पान उघडलं, मी बोटानं वाक्य दाखवलं, त्यानं एक बटण दाबलं. वाक्य गेलं. शाईचा डाग नाही, काट नाही, काही नाही. लेख त्याच पानावर संपत होता आणि पान तळापर्यंत भरलेलं होतं, त्यामुळे खाली दोन ओळींची जागा उघडी पडली. 'फूल टाकू का मॅडम?' त्यानं विचारलं. मी म्हटलं, नको, ओळी थोड्या सैल कर. त्यानं केल्या. दोन मिनिटांचं काम.

त्या रात्री आमच्या 'आपण'मध्ये एक 'मी' शिरला.

पहिली प्रत आली तेव्हा मी अण्णांच्या समोर बसले होते. ते नेहमी करत तसंच त्यांनी केलं: अंक हातभर लांब धरला आणि न वाचता पानं उलटत गेले, नुसता काळ्या-पांढऱ्याचा तोल बघत. एका पानावर थांबले. 'एक्केचाळीसावं पान सैल पडलंय,' म्हणाले. मी म्हटलं, हो, शेवटी जागा राहत होती. 'हं,' म्हणाले आणि पान उलटलं. ज्या माणसानं वीस-बावीस वर्षं दोन ओळींच्या मध्ये शिशाच्या पट्ट्या घालून पानं बसवली, त्याला पान सैल का पडतं हे कळणार नाही, असं मी कसं धरून चालले? बाई दोन दिवसांनी आल्या. दोन प्रती घेतल्या, आपलं पान उघडून उभ्या राहिल्या, ओठ हलवत वाचलं, अंक मिटला आणि पिशवीत घातला. 'छान छापलंत,' म्हणाल्या. करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या गेल्या. त्यांच्या मनात काय होतं, ते विचारायची जागा आता उरलेली नाही.

मुलाची भीती खोटी होती असं मला आजही म्हणवत नाही. नळावरची रांग काय असते हे मीही चाळीत वाढल्यामुळे जाणते. तिथे तीस वर्षं म्हणजे काही फार नाहीत. कदाचित आम्ही दोघांनी बसून विचार केला असता तर अण्णांनीच म्हटलं असतं, बाईंना विचारू, त्या म्हणाल्या तर काढू. कदाचित नसतं म्हटलं. मला सलतं ते वाक्य काढलं हे नाही, किंवा तेवढंच नाही. ते ज्या टेबलावर ठरायला हवं होतं त्या टेबलाकडे मी गेलेच नाही, आणि अंकावर मात्र नावं दोन छापली. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, आमचा शेवटचा अंक निघाला. त्या वर्षी अण्णांनी 'आणि'च्या आधीचा एकही स्वल्पविराम काढला नाही. मी माझ्या सवयीनं ते ठेवत गेले आणि मुद्रितं स्वच्छ परत येत गेली. मला वाटलं, डोळे अधू झाले. डोळे खरंच अधू झाले होते. तरीही ते आठवलं की मला आता दुसरं कारण सुचतं, आणि त्याची खातरजमा करता येत नाही.

यंदा माझ्या जोडीला एक तरुण मुलगा संपादक आहे. ठाण्याला राहतो, कंपनीतून सुटला की ट्रेनमध्येच लेख वाचतो. त्याच्या फायलीतला 'ल' सुरुवातीला हिंदी वळणाचा यायचा. मी त्याला २००९ च्या शासन निर्णयातला पाकळीचा ल आणि देठाचा श दाखवला, तर त्यानं रात्रीतून फॉन्ट बदलला. आमचं काम आता एकाच ऑनलाइन फायलीत चालतं. कोणी शब्द काढला की तो रंगीत होतो, त्यावर आडवी रेघ येते, बाजूला नाव आणि वेळ उमटते. काढलेलं सगळं कुठेतरी राहतं. परवा त्यानं माझं एक वाक्य काढलं आणि बाजूला लिहिलं, 'ताई, हे आधीच्या परिच्छेदात आलंय ना?' आलं होतं. मी बराच वेळ त्या रेघ मारलेल्या वाक्याकडे बघत बसले. मला त्याचा हेवा वाटला, इतक्या उजेडात काम करता येतं म्हणून.

जूनच्या शेवटी मी डोंबिवलीला गेले. २०१२ ची दुरुस्त प्रत पिशवीत होती, आणि खोक्यांतून शोधून काढलेली त्या वर्षाच्या हस्तलिखितांची फाइलही. चिंचपोकळीहून धीमी लोकल, बाहेर धो धो पाऊस, कुर्ल्याला गाडी पाऊण तास उभी. डब्यात ओल्या छत्र्यांचा वास. काय बोलायचं ते मी ठाण्यापर्यंत जुळवत होते, दिव्यानंतर सोडून दिलं.

अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. एक्याऐंशीचे आहेत. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, मधलं दिसत नाही, फक्त कडा दिसतात. 'समास दिसतो गो,' म्हणाले, 'मजकूर गेला.' सुनेनं चहा आणून दिला. लालबागची चौकशी झाली, इमारत पाडली का, टपरीवाला कुठे गेला, कोण कोण गेलं. मी पिशवीतून अंक काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी कव्हरावरून बोट फिरवलं, खाकी कागद ओळखला. कुठला, हे त्यांनी विचारलं नाही. अंक मांडीवर उघडा ठेवून त्यांनी हात वर ठेवला, आणि त्यांचं तोंड खिडकीकडेच राहिलं.

'हस्तलिखित आणलंयस?'

मी हो म्हटलं.

'वाच.'

मी वहीची पानं उघडली आणि पहिल्यापासून वाचायला लागले, विरामचिन्हांसकट, जसं गुरुवारी आणि शनिवारी वाचत असे. खाणावळ पूर्णविराम. गहू, खडे, स्वल्पविराम. मुलाच्या वह्या. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता म्हणून मला आवाज चढवावा लागत होता, आणि शेवटाकडे यायला लागलं तसा तो माझ्या ताब्यात राहीना. नवा परिच्छेद, म्हटलं. दुसऱ्या वर्षी माझा नवरा कामावर गेला स्वल्पविराम आणि त्या दिवसापासून नळावर कोणी माझी कळशी पुढे घेतली नाही पूर्णविराम.

अण्णांनी पानावरचा हात उचलला. मी थांबले.

'"आणि"च्या आधी स्वल्पविराम आहे?'

'आहे.'

'बाईनं दिलाय, की तू?'

मी कागद खिडकीच्या उजेडात धरला. निळी शाई फिकी झाली होती, पण स्वल्पविराम होता. पेन इतकं दाबून दिलेला की मागच्या बाजूनं बोटाला लागत होता.

'त्यांनी.'

'मग राहू दे,' अण्णा म्हणाले. 'वाच पुढे.'